दगड रंगवायला साडेतीन तास

"उद्यापासून आईसाहेब दगड," मेहुण्यांनी मेकअप रूमच्या दारात उभं राहून सांगितलं. आवाज असा, की उद्यापासून चहात साखर कमी टाका म्हणताहेत. आईसाहेब माझ्यासमोरच्या खुर्चीत होत्या आणि मी त्यांच्या पांढऱ्या विगची कड कानामागे चिकटवत होते. आम्ही दोघींनी आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं.

"कोण करतंय मला दगड?" आईसाहेबांनी विचारलं.

"सूनबाई. निळं पाणी पाजते तुम्हाला. कथेची गरज आहे हो, माझ्या हातात काय आहे?" मेहुणे हसले आणि गेले.

कथेची गरज म्हणे! मी बावीस वर्षं या धंद्यात लोकांची तोंडं रंगवते आहे. कथेची गरज कुठून सुरू होते आणि कुणाचा राग कुठे संपतो, ते मला कुणी शिकवू नये.

आमची मालिका एका सरदार घराण्याची. कुठला काळ, कुठला मुलूख ते विचारू नका, लेखकांनाही ठाऊक नाही. समुद्रावर लोंबकळणारा किल्ला आहे, आकाशात दोन चंद्र आहेत, आणि किल्ल्यात एक कुटुंब सहा वर्षांपासून एकमेकांच्या मुळावर उठलेलं आहे. थोरल्या सरदारांना सिंहासन हवं आहे. धाकट्यांना थोरल्यांचा काटा काढायचा आहे, थोरल्यांच्या बायकोला, म्हणजे सूनबाईंना, दोघांचाही. आणि या सगळ्यांचे कान भरून स्वतः नामानिराळ्या राहणाऱ्या त्या आईसाहेब, दोन्ही सरदारांची आई. घराण्याचं गुपित कुणी बाहेर फोडलं, की त्याला निळं पाणी पाजायचं आणि तो दगड होतो, अशी लेखकांची कल्पना. दरबाराच्या सेटवर भिंतीला असे अकरा दगड उभे आहेत. त्यातले सात कथेच्या गरजेने झाले. बाकीचे चार नट मेहुण्यांशी भांडले म्हणून झाले, हे प्रेक्षकांना माहीत नाही. आम्हाला आहे.

मेहुणे म्हणजे निर्मात्यांच्या बहिणीचे यजमान. निर्माते सेटवर वर्षातून दोनदा येतात, फोटो काढतात आणि जातात. कारभार मेहुण्यांचा. सगळं युनिट त्यांना मेहुणेच म्हणतं, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्यात मान वाटतो. कधी आवाज चढवत नाहीत. खांद्यावर हात ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर नसता.

आईसाहेबांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी एका कागदावर सही केली नव्हती. मी केली होती. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कुणाचा गैरसमज नको.

झालं असं. सूनबाईंची एक स्टंट डबल होती, तिला आम्ही भिंगरी म्हणायचो. पडद्यावर सूनबाई घोड्यावरून पडली, खिडकीतून उडी मारली, जिन्यावरून गडगडली, की समजायचं ती भिंगरी. सव्वीस वर्षांची, अंगाने काटकुळी, जिभेने तिखट. शॉट नसला की माझ्या रूममधल्या मोडक्या खुर्चीत पाय वर घेऊन झोपायची आणि उठली की मला न विचारता माझा डबा उघडायची. मी ओरडायचे. आणि रोज डबा दोघींपुरता आणायचे.

त्या दिवशी सूनबाईने सज्ज्याच्या कठड्यावर मागे रेलून धाकट्या सरदारांना हिणवायचं, असा शॉट होता. मागे रेलायचं काम अर्थात भिंगरीचं. सज्जा म्हणजे प्लायवूड आणि थर्माकोल, वरून दगडाचा रंग, जमिनीपासून पंधरा फुटांवर. सुतार म्हणाला, कठड्यामागचे लोखंडी टेकू अजून ठोकायचे आहेत, तासभर द्या. मेहुणे म्हणाले, धाकटे सरदार एक वाजता दुसऱ्या शूटिंगला जाणार, आपल्याकडे तास नाही. "आणि तिचं वजन ते किती? फुलासारखी पोर!" त्यांनी सुताराच्या खांद्यावर हात ठेवला. सुतार हातोडी ठेवून बाजूला झाला. भिंगरी वर गेली, रेलली, आणि कठड्यासकट खाली आली. गाद्या पुढच्या बाजूला होत्या, ती मागच्या बाजूला पडली. कमरेचं हाड आणि डावा घोटा मोडला, घोट्यातून रक्त वाहत होतं. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मला वेळ पक्की आठवते, कारण मी घड्याळ बघत होते, जेवणाच्या सुट्टीला किती अवकाश आहे म्हणून.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगते. पॅकअपच्या वेळी एक पॅड फिरतं. त्याला दोरीने पेन बांधलेलं. हजेरीचा कागद, आपल्या नावापुढे सही करायची आणि घरी पळायचं. सहा वर्षांत तो कागद कुणी वाचलेला नाही. सगळ्यांचे पाय दुखत असतात, बस पकडायची असते, एका हाताने चप्पल चढवत दुसऱ्या हाताने सही करतात. त्या संध्याकाळी हजेरीच्या कागदाखाली दुसरा कागद होता. त्यावर चार ओळी होत्या: जेवणाच्या सुट्टीत, शॉट नसताना आणि कुणीही सांगितलेलं नसताना, सदर स्टंट कलाकार स्वतःहून सज्ज्यावर चढली व तोल जाऊन पडली, हे आम्ही पाहिलं आहे. खाली सह्यांच्या रेघा.

चौतीस जणांनी सह्या केल्या. नंतर सगळे म्हणाले, आम्ही वाचलंच नाही, आम्हाला वाटलं हजेरी आहे. मीसुद्धा तेच म्हणत राहिले. फक्त आईसाहेबांनी पॅड हातात घेतलं, चष्मा लावला, वाचलं आणि पॅड आणणाऱ्या मॅनेजरला परत दिलं. म्हणाल्या, "सुट्टी व्हायची होती. हे खोटं आहे." त्याच आठवड्यात त्यांनी कामगार खात्याला पत्र टाकलं, आपल्या सहीनिशी.

तो कागद साधा नव्हता. स्वतःहून चढली असं ठरलं, की युनिटची जबाबदारी संपली, दवाखान्याचं तिचं तिने बघायचं. आणि स्टंटवाल्यांची संघटना बेफिकीर माणसाचं कार्ड काढून घेते. म्हणजे हाड जुळलं तरी भिंगरीला पुन्हा कुणी उभं करणार नाही. हे मला माहीत होतं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले, ती गुंगीत होती. त्यानंतर मी गेले नाही. रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी निघायचं.

आईसाहेबांना कामावरून काढलं असतं तर त्या बाहेर जाऊन मोकळेपणी बोलल्या असत्या. म्हणून मेहुण्यांनी त्यांना करारात बांधून ठेवलं आणि तोंड बंद केलं. युक्ती नामी होती, आमच्या दोन्ही लेखकांना मिळून सुचली नसती.

पुतळा प्लास्टरचा करायचा ठरला होता, पण कलाविभागाने जो बनवला तो आईसाहेबांसारखा न दिसता मेहुण्यांच्या सासूबाईंसारखा दिसायला लागला. सेटवर हसण्याची लाट उसळली. मेहुणे तेवढे हसले नाहीत. नवा होईपर्यंत आईसाहेबांनी स्वतःच दगड म्हणून उभं राहायचं असं ठरलं. दगड रंगवायला साडेतीन तास लागतात. आधी रबराचा पातळ थर, तो वाळला की राखाडी, मग वर काळपट भेगा, मग पावडर. थर वाळला की ओठ हलवायचे नाहीत, नाहीतर तडा जातो आणि पुन्हा पहिल्यापासून. पहाटे खुर्चीत बसायचं, दहाला उभं राहायचं, संध्याकाळपर्यंत गप्प. बासष्ट वर्षांच्या बाईला.

त्या मात्र मजेत होत्या. पहिल्याच दिवशी घराण्याचा मोठा प्रवेश होता, थोरले आणि धाकटे सरदार दगड झालेल्या आईसमोर उभे राहून तिच्या किल्ल्या कुणी घ्यायच्या यावर भांडतात. दोघेही ओरडून ओरडून घामाघूम झाले आणि कॅमेरामन कॅमेरा आईसाहेबांवरून हलवेना. त्यांनी नुसत्या बुबुळांनी आधी एका मुलाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. दिग्दर्शक म्हणाला, दगडाचे डोळे हलत नाहीत. आईसाहेबांनी काही उत्तर दिलं नाही, कसं देणार? पुढच्या टेकला पुन्हा तेच केलं. शेवटी तोच टेक ठेवला, कारण बाकीच्यात दोघे सरदार फारच वाईट दिसत होते.

चौथ्या की पाचव्या सकाळी, ओठांवर थर द्यायच्या आधी, त्या म्हणाल्या, "थांब जरा. खात्यातून काल फोन होता. गुरुवारी माणूस पाठवताहेत."

"बरं झालं की."

"बरं कसलं. फोनवरची बाई म्हणाली, एका बाजूला चौतीस सह्या आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही एकट्या. त्या दिवशी पोरीबरोबर प्रत्यक्ष काम केलेलं आणखी कुणी बोललं, तर काही करता येईल. नाहीतर फाइल बंद." मग त्यांनी स्वतःच मान मागे टाकली. "लाव आता."

मला काही विचारलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी ओठांवर थर दिला, पंख्यासमोर खुर्ची फिरवली, आणि मग कसं कोण जाणे, माझं तोंड सुटलं. समोरचा माणूस बोलू शकत नसला की आपल्याला फार धीर येतो.

"तुम्हाला वाटत असेल मी न वाचता सही केली," मी म्हणाले. "सगळ्यांना मी तेच सांगते. आईसाहेब, माझा चष्मा दिवसभर गळ्यात असतो. पापण्यांचा एकेक केस मी चिकटवते. मला चार ओळी दिसल्या नाहीत, हे शेंबडं पोरही मानणार नाही. मी वाचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मेहुणे समोर उभे होते आणि माझ्याकडे बघून हसत होते. मला वाटलं, मी चोपन्न वर्षांची, बाहेर पंचविशीतल्या पोरी मशीन घेऊन फिरताहेत, दहा मिनिटांत चेहरा फवारून देतात. मला पुन्हा कोण घेणार? आणि मी सही केली. पेन नीट चालत नव्हतं, तर मी ते झटकून पुन्हा गिरवली."

आईसाहेब आरशात सरळ बघत होत्या. राखाडी चेहऱ्यात ते दोन जिवंत डोळे मला सहन होईनात. मी म्हणाले, "डोळे मिटा, पावडर मारते." त्यांनी मिटले नाहीत. मी उघड्या डोळ्यांनीच पावडर मारली आणि त्यांना ठसका लागून थर फुटला. पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवारी कामगार खात्याच्या अधिकारी बाई आल्या. साध्या, दमलेल्या, खांद्यावर कापडी पिशवी, एक टाच चपलेबाहेर. मेहुण्यांनी चौकशी मुद्दाम दरबाराच्या सेटवर ठेवली, दिव्यांची मांडामांड चालू असताना. बाईंना सिंहासनावर बसायचा आग्रह केला. त्या म्हणाल्या, "स्टूल नाही का?" स्टूल आलं. भिंतीला अकरा प्लास्टरचे दगड आणि बारावा आईसाहेबांचा, चौथऱ्यावर उभा.

"पत्र लिहिणाऱ्या त्या कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"त्या काय," मेहुण्यांनी बोट दाखवलं. "पण आज बोलता येणार नाही हो त्यांना. मेकअप आहे. तोंड हललं की साडेतीन तास पाण्यात, आणि आज शंभर माणसं उभी आहेत. त्यांचं म्हणणं पत्रात आहेच की."

बाईंनी दगडाकडे पाहिलं, पिशवीतून पत्र काढलं, आणि ठीक आहे म्हणाल्या. मग एकेकाला बोलावलं. सही तुमची? हो. मजकूर बरोबर? हो. थोरले सरदार कमरेला तलवार लावून आले आणि दरबारात भाषण करतात त्याच खर्जात म्हणाले, "दुर्दैवी घटना. पण चूक तिचीच." धाकटे सरदार म्हणाले, "आम्ही जेवत होतो." हा माणूस त्या वेळी भिंगरीच्या समोर चार फुटांवर उभा होता. सूनबाई आल्या, ज्यांच्यासाठी पोर तीन वर्षं आपटत होती, आणि नखांकडे बघत म्हणाल्या, "मी व्हॅनमध्ये होते, पण हो, सुट्टीच होती." सहा वर्षं मी या तिघांना कपटी दिसावं म्हणून भुवया वर ओढून रंगवल्या. उगाच कष्ट घेतले. सुतार आला, हो म्हणाला आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

"मेकअप?"

मी पुढे गेले. खरं सांगते, त्या क्षणापर्यंत माझं काही ठरलेलं नव्हतं. हातात राखाडी रंगाचा स्पंज तसाच होता.

"सही तुमची?"

"माझी."

"मजकूर बरोबर?"

मेहुणे बाईंच्या मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, प्रेमाने, घरच्या माणसाने हलवावी तशी. त्या प्रेमानेच माझं डोकं फिरलं.

"खोटा आहे," मी म्हणाले.

दिवेवाले थांबले. बाईंनी पहिल्यांदाच नीट वर पाहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे सुट्टी झालेली नव्हती. तिला वर पाठवलं होतं, शॉटसाठी. सुतार टेकू नाहीत म्हणत होता, मी ऐकलं."

"मावशींचा काहीतरी गोंधळ होतोय," मेहुणे पुढे झाले. "वय झालं आता. बाई, हा त्यांचा शब्द झाला. पुरावा काय?"

"विग," मी म्हणाले.

"विग?" बाई म्हणाल्या.

"माझा नियम आहे. जेवणाच्या सुट्टीत डोक्यावर विग ठेवायचा नाही, सरदार असो की पहारेकरी. खऱ्या केसांचे असतात ते, तेलाचा हात लागला की वाया जातात. सुट्टी झाली की आधी सगळे माझ्या दारात रांग लावतात, विग उतरवतात आणि मगच जेवायला जातात. यावरून हे सगळे मला मागे शिव्या घालतात. विचारा त्यांना! सहा वर्षांत एकाने तरी विग घालून घास खाल्लाय का?" मी धाकट्या सरदारांकडे वळले. "तुम्ही जेवत होता ना? मग केस तुमच्या डोक्यावर काय करत होते? तुम्ही तिला उचलायला वाकलात तेव्हा विग तिच्या रक्तात बुडाला, तो मी दोन दिवस धुतला!"

धाकट्या सरदारांचा हात डोक्यावरच्या विगकडे गेला.

"आणि पोरीचा विग दवाखान्यात नर्सने कात्रीने कापून काढला. गोंदाने पक्का चिकटवलेला होता, गालावर खोटी जखमसुद्धा होती, मी केलेली. विचारा दवाखान्यात. सुट्टीत हवा खायला सज्ज्यावर जाणारी पोर सूनबाईचे केस चिकटवून आणि गालावर जखम रंगवून जाते का?"

बाई लिहायला लागल्या होत्या. मेहुण्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "मावशी, तुम्ही न वाचता सही केलीत, होतं असं. घाईत असतो माणूस. बाई, लिहा, यांनी मजकूर वाचला नव्हता. आता कुणीतरी यांचे कान भरलेत."

दार उघडून दिलं होतं मला. न वाचता. एक शब्द, आणि मी नुसती वेंधळी ठरले असते, बाकी काही नाही. घरी जाऊन मला झोपही लागली असती.

"वाचून सही केली," मी म्हणाले. "चष्मा लावून, दोनदा. खोटं आहे हे माहीत असताना केली, नोकरी जाईल म्हणून केली. लिहा तसंच. आणि यांनीही वाचलंय सगळ्यांनी. न वाचता आपण हजेरीवर सही करतो. त्या दिवशी प्रत्येक जण त्या पॅडवर थांबला होता, मी बघत होते, मीही थांबले होते. कुणी म्हणू नका वाचलं नाही म्हणून!"

सूनबाई नखं बघत राहिल्या. कुणीतरी एक जण तरी पुढे येईल अशी मला वेडी आशा होती. नाही आला कुणी.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमचं आणि त्यांचं जुळतंय का ते मला आत्ताच विचारायला हवं," त्यांनी चौथऱ्याकडे मान वळवली. "बोलता येईल त्यांना?"

"शक्यच नाही!" आयुष्यात पहिल्यांदा मेहुणे ओरडले. "साडेतीन तासांचा मेकअप आहे तो!"

"माझे साडेतीन तास आहेत ते," मी म्हणाले. "तुमचे नाहीत. आईसाहेब, बोला."

आणि आईसाहेब बोलल्या. आधी ओठांच्या कडेला तडा गेला, मग गालावर, मग कपाळावरून राखाडी पोपडा सुटून चौथऱ्यावर पडला आणि आतून त्यांची लालबुंद कातडी दिसायला लागली. त्या सावकाश खाली उतरल्या. "बारा चाळीस," त्या म्हणाल्या. "मी तिथून दहा फुटांवर होते. यांनी सुताराच्या खांद्यावर हात ठेवला आणि पोरीला वर जा म्हणाले. लिहून घ्या, मी सांगते सगळं. आणि मला कुणीतरी पाणी द्या. साधं. निळं नको."

दिवेवाल्यांपैकी कुणीतरी फस्सकन हसलं.

बाईंनी सव्वादोनपर्यंत लिहून घेतलं, सज्ज्यावर जायला बंदी घातली आणि दवाखान्याचा पत्ता मागितला. मेहुणे कॉरिडॉरमध्ये माझी वाट बघत होते. खांद्यावर हात ठेवला नाही. "या धंद्यात तुम्ही पुन्हा कुणाच्या तोंडाला पावडर लावणार नाही," ते म्हणाले.

"तुमच्या तोंडाला तर नक्कीच नाही," मी म्हणाले. "त्याला पावडर पुरायची नाही." माझी पेटी उचलली, ब्रश मोजून घेतले आणि निघाले.

तशीच दवाखान्यात गेले. भिंगरीचा पाय वर टांगलेला होता, कमरेभोवती पट्टा. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"मावशी! मेलीस की काय म्हटलं. कुठे होतीस इतके दिवस? डबा आणलास?"

"नाही आणला. तुला एक सांगायचंय."

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं सगळं, कागद, सही, आजची चौकशी, बाईंनी काय लिहून घेतलं ते. आधी चांगलं सांगावं असं वाटत होतं, आज मी काय केलं ते, म्हणजे मग बाकीचं तिला कमी लागेल. पण तसं केलं नाही. आधी सही सांगितली.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाकीच्यांनी केली ते मला नर्सने सांगितलं होतं. मी गुंगीत असताना मॅनेजर तिच्याशी बोलून गेला ना. मी म्हटलं, करू देत, ते कोण लागतात माझे?" तिने माझ्याकडे पाहिलं. "तू वाचून केलीस?"

"वाचून."

"दोनदा?"

"दोनदा."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. पाय बांधलेला, कंबर बांधलेली, मानच काय ती फिरवता येत होती. ती रडत नव्हती. रडली असती तर मी जवळ गेले असते.

"कार्ड राहील तुझं," मी म्हणाले. "आता नाही काढून घेऊ शकत कुणी."

"कळलं. आज जा, मावशी."

"उद्या येऊ?"

नर्स आली, मला बाजूला हो म्हणाली, पट्टा तपासून गेली. मी दारापर्यंत गेले, वळून पाहिलं, मान तशीच भिंतीकडे.

उद्या मी जाणार आहे. डबा घेऊन जाणार आहे. तिने तोंड फिरवलं तर फिरवू दे, तिचा हक्कच आहे तो, माझ्यावर चिडायला तिच्याइतका जवळचा माणूस दुसरा कोण? मी परवाही जाईन.